कोंबडीच्या पेशींतील आयुष्याची दोरी

चार वर्षांपूर्वीं आषाढांत आम्हीं सव्वाशे पिलें विकत आणलीं. लस टोचल्याची खात्री विकणारानें तोंडीं दिली आणि आम्हीं ती तोंडींच घेतली. पहिले अडीच महिने पिलें उत्तम वाढलीं. दसऱ्याच्या सुमारास एक तलंग खुराड्याच्या कोपऱ्यांत बसून राहिलेली दिसली. तिचा एक पाय पुढें ताणलेला व दुसरा मागें गेलेला होता. मानमोडीची सांथ असावी असें आम्हांस प्रथम वाटलें, परंतु मान सरळ होती व खाण्यावरची वासनाही शाबूत होती. दिवाळीपर्यंत अशीं सदतीस पांखरें लुळीं पडलीं आणि वाळत वाळत मेलीं. तालुक्याच्या पशुवैद्यांनीं त्यांतील दोन आमच्यादेखत उघडून दाखविलीं. मांडीच्या आंतून जाणारी नस एका बाजूस शिवणाच्या दोऱ्याइतकी, तर दुसऱ्या बाजूस सुतळीइतकी जाड झाली होती. यकृतावर पांढुरक्या गांठी होत्या. “हा मॅरेक्स,” ते म्हणाले, “एकदां आंत शिरला म्हणजे जन्मभर आंतच राहतो.” आंत म्हणजे कोठें, असें आम्हीं सहज विचारलें. त्यावर त्यांनीं सांगितलें कीं, या रोगाचा विषाणू कोंबडीच्या गुणसूत्रांच्या अगदीं टोंकांत जाऊन बसतो, आणि तें टोंक म्हणजे प्राण्याच्या म्हातारपणाशीं ज्याचा संबंध जोडतात तेंच टोंक होय.

खुराड्यांतील एका रोगाचा व म्हातारपणाचा संबंध काय, हें कोडें घेऊन आम्ही घरीं आलों. त्यानंतर जें वाचन झालें, त्यांतून निवडून कांहीं भाग येथें सभासद बंधूंपुढें ठेवीत आहों.

कोंबडीचें शरीर, आपल्या शरीराप्रमाणेंच, अगणित पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशीच्या गाभ्यांत धाग्यांसारखीं गुणसूत्रें असतात. माणसांत त्यांच्या २३ जोड्या आहेत, कोंबडीमध्यें ३९. कोंबडीचीं थोडीं गुणसूत्रें मोठीं असून बाकीचीं इतकीं बारीक आहेत कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं तीं केवळ ठिपक्यांप्रमाणें दिसतात. प्रत्येक गुणसूत्रांत डी.एन.ए. या द्रव्याचा लांबलचक पीळदार दोर असतो व त्यावर चार अक्षरांच्या लिपींत पिसांचा रंग, तुऱ्याची ठेवण, अंड्याच्या कवचाचा रंग इत्यादि सर्व वारसा लिहिलेला असतो. आतां चऱ्हाट वळणारास विचारावें. अंबाडी कितीही चांगली असो, दोराच्या टोंकास गांठ मारली नाहीं तर पीळ उलगडूं लागतो. आणि अशीं दोन उलगडलेलीं टोंकें जवळ पडलीं तर एकमेकांत गुंततात. गुणसूत्रांचेंही तसेंच आहे. त्यांच्या टोंकांसही निसर्गानें एक प्रकारची गांठ मारून ठेवली आहे.

ही गोष्ट प्रथम मक्याच्या शेतांत आणि फळमाशीच्या बाटलींत दिसून आली. अमेरिकेंत बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषींनीं १९३० नंतरच्या दशकांत मक्यावर संशोधन करतांना असें पाहिलें कीं, मोडलेलीं गुणसूत्रें आपल्या मोडक्या टोंकांनीं परस्परांस जुडतात, पेशी विभागली म्हणजे पुनः तुटतात व पुनः जुडतात. परंतु मूळचें शाबूत टोंक असें जुडत नाहीं. हर्मन मुलर यांनीं क्ष-किरण सोडून फळमाशीचीं गुणसूत्रें तोडलीं, त्यांसही हेंच आढळलें. १९३८ सालीं मुलर यांनीं या टोंकास टेलोमेर असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ शेवटचा भाग एवढाच आहे. आपण त्यास अंत्यखंड म्हणूं. मक्याच्या कणसानें शास्त्रास एवढी मोठी देणगी दिली, पण मक्याचें बियाणें विकणारांच्या तोंडून ती कधीं ऐकूं येत नाहीं.

याच्याही आधींची एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिची नायिका कोंबडीच आहे. १९१२ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शस्त्रवैद्यांनीं अंड्यांतील गर्भाच्या हृदयाचा एक बारीक तुकडा कांचेच्या भांड्यांत ठेवून त्यांतील पेशी वाढविण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं रक्तवाहिन्या सांधण्याच्या कलेबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, त्यामुळें त्यांच्या शब्दास वजन आलें. भांड्यांतील पेशी वाढत, त्या वांटून नव्या भांड्यांत घालीत, तेथें त्या पुनः वाढत. कॅरेल १९४४ सालीं वारले. त्यांच्या मागें त्यांच्या सहकाऱ्यानें हें काम १९४६ पर्यंत चालविलें. म्हणजे चौतीस वर्षें झालीं. चौतीस वर्षें जगलेली कोंबडी कोणी पाहिलेली नाहीं. यावरून असा सिद्धांत निघाला कीं, पेशी स्वभावतःच अमर आहेत आणि म्हातारपण हें पेशींबाहेरच्या कांहीं कारणानें येतें.

हा सिद्धांत जवळजवळ पन्नास वर्षें टिकला, जरी दुसऱ्या कोणासही तो प्रयोग तसा साधला नाहीं. ज्यांस साधला नाहीं ते आपल्याच हाताला यश नाहीं असें समजून गप्प बसत. शेवटीं १९६१ सालीं फिलाडेल्फिया येथें लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं माणसाच्या पेशींवर काळजीपूर्वक प्रयोग करून दाखविलें कीं, त्या सुमारें पन्नास वेळां दुप्पट होतात व मग थांबतात. खाद्य बदला, भांडें बदला, त्या पुढें जात नाहींत. कोंबडीच्या गर्भाच्या पेशी तर त्याहूनही लवकर थकतात. मग कॅरेल यांच्या पेशी कशा टिकल्या? त्यांस खाद्य म्हणून कोंबडीच्या गर्भाचा ताजा अर्क घालीत असत. त्या अर्काबरोबर नव्या जिवंत पेशी भांड्यांत पडत असाव्यात, असा उलगडा शास्त्रज्ञ करतात. शेणखतांतून तांदुळजाचें बी दर वेळीं वाफ्यांत पडत राहावें, आणि आमच्या वाफ्यांतील तांदुळजा अमर आहे असें आपण म्हणावें, तशांतलाच हा प्रकार झाला.

पेशी पन्नास वेळां विभागून थांबते, पण तिला मोजतां कसें येतें? याचें उत्तर १९७१ सालीं रशियांत अलेक्सेइ ओलोव्निकोव्ह यांनीं सुचविलें. मॉस्कोच्या भुयारी आगगाडीच्या फलाटावर उभे असतांना त्यांस ही कल्पना सुचली असें सांगतात. आपल्यास गाडीपेक्षां नांगर जवळचा आहे. शेताच्या कडेस बैल वळवावयास जागा लागते, म्हणून बांधालगतची पट्टी नांगराखालीं येत नाहीं. पेशी विभागण्यापूर्वीं डी.एन.ए.ची नक्कल करावी लागते. त्या नकलेच्या यंत्रणेसही धाग्यावर प्रथम पाय रोवण्यास थोडी जागा लागते, आणि अगदीं टोंकाशीं जेथें पाय रोवला तेवढी जागा नकलेंत उतरत नाहीं. शेतकरी ती पट्टी मागाहून कुदळीनें खणून घेतो. पेशीजवळ अशी कुदळ नसेल तर प्रत्येक नकलेंत शेत थोडें आखूड होतें, आणि पुढची नक्कल त्या आखूड शेताची होते. अंत्यखंड ही बांधालगतची पडीक पट्टी आहे असें समजावें. तींत वारशाचा मजकूर नसतो, म्हणून ती झिजली तरी कांहीं काळ पिकाचें नुकसान होत नाहीं. पट्टी संपत आली म्हणजे पेशी विभागणें थांबविते.

या पट्टींत काय लिहिलेलें असतें, हें १९७८ सालीं एलिझाबेथ ब्लॅकबर्न व जोसेफ गॉल यांनीं तळ्यांतील एका एकपेशीय जीवावर संशोधन करून दाखविलें. सहा अक्षरांचा एकच शब्द तेथें पुनः पुनः येतो, जणू कोणी नामस्मरणाची वही लिहीत बसावें. माणूस, मासा, कोंबडी या सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत तो शब्द एकच आहे: टी-टी-ए-जी-जी-जी. पुढें १९८४ च्या नाताळांत कॅरल ग्रायडर या तरुण विद्यार्थिनीस ती कुदळही सांपडली. टेलोमरेज असें तिचें नांव. हें एक प्रकारचें विकर असून त्याच्या पोटांत त्या सहा अक्षरांचा सांचा असतो आणि त्यावरून तें झिजलेल्या टोंकास नवे शब्द जोडतें. ब्लॅकबर्न, ग्रायडर व जॅक शोस्टॅक यांस २००९ सालीं या कामाबद्दल नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

आतां कोंबडीकडे येऊं. प्रयोगशाळेंतील सर्वांत परिचित प्राणी म्हणजे उंदीर. परंतु उंदराच्या पुष्कळ इंद्रियांत ही कुदळ जन्मभर चालूच असते, त्यामुळें माणसाच्या म्हातारपणाचा अभ्यास करण्यास तो तितकासा सोयीचा नाहीं. माणूस व कोंबडी यांच्यांत मात्र शरीर घडून झाल्यावर बहुतेक इंद्रियांतील कुदळ बाजूस ठेवली जाते; अंडकोशांतील व तशाच कांहीं थोड्या पेशींत ती राहते. या एका बाबतींत आपण उंदरापेक्षां कोंबडीचे जवळचे सोबती आहों. लांबीचा हिशेब मात्र चमत्कारिक आहे. माणसाचा अंत्यखंड सुमारें ५ ते १५ हजार अक्षरांचा, कोंबडीचा सामान्यतः १० ते ४० हजारांचा. आणि कोंबडीच्या कांहीं गुणसूत्रांवर तर दोन लाखांपासून वीस लाख अक्षरांपर्यंत लांबीचे अजस्र अंत्यखंड सांपडले आहेत. उंदराचे अंत्यखंडही माणसाहून कितीतरी लांब असतात, आणि तो दोन-तीन वर्षांत आटोपतो. तेव्हां ज्याची दोरी लांब तो अधिक जगतो, हा सरळ हिशेब येथें लागू पडत नाहीं. दोरी किती लांब आहे यापेक्षां ती किती वेगानें झिजते याला महत्त्व आहे. २०१९ सालीं स्पेनमधील शास्त्रज्ञांनीं पक्षी व सस्तन प्राणी यांच्या निरनिराळ्या जातींची तुलना प्रसिद्ध केली. तींत माणसाची दोरी वर्षास सुमारें ७० अक्षरें झिजते, तर उंदराची सुमारें ७,००० अक्षरें, असें दिसून आलें.

पक्ष्यांवर हें काम करणें तुलनेनें सोपें पडतें, त्याचें कारण रक्तांत आहे. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशींस गाभा नसतो, म्हणून त्यांत गुणसूत्रेंही नसतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींस गाभा असतो. पंखाखालील शिरेंतून एक थेंब काढला, पांखरूं सोडून दिलें, कीं काम झालें. तेंच पांखरूं पुढल्या वर्षीं धरून पुनः एक थेंब घेतां येतो. एकाच जीवाची दोरी जन्मापासून मरणापर्यंत मोजण्याची ही सोय फार थोड्या प्राण्यांत आहे.

आणि पक्षी मुळांतच दीर्घायुषी आहेत. सारख्या वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षां पक्षी बहुधा कितीतरी अधिक जगतो. वास्तविक उडणाऱ्या प्राण्याच्या शरीराची भट्टी जास्त पेटती असते, रक्तांत साखरही जास्त असते. ती भट्टी लवकर विझावी, पण विझत नाहीं. आपल्याकडे पूर्वीं घरोघर पिंजऱ्यांत पोपट असे, त्यानें आजोबा पाहिलेला असे व नातूही पाहिलेला असे. (आतां तो पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, आणि तें योग्यच झालें.) परंतु सर्वांत नवल वाटावें असें उदाहरण उत्तर अटलांटिक समुद्रावरील लीचचा पेट्रेल या पक्ष्याचें आहे. याचें वजन अवघें ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन चिमण्यांएवढें, आणि छत्तीस वर्षांहून अधिक जगलेले पेट्रेल नोंदले गेले आहेत. कॅनडाच्या किनाऱ्यालगत केंट बेटावर हे पक्षी जमिनींत बिळें करून अंडीं घालतात. तेथें १९५० नंतर पायांत कडीं अडकवून त्यांची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली, म्हणून कोणत्या बिळांतील पक्षी किती वर्षांचा, हें वही पाहून सांगतां येई. २००३ सालीं मार्क हाउसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच जातींच्या पक्ष्यांची दोरी मोजली. अल्पायुषी झेब्रा फिंचची दोरी भरभर झिजत होती, ढोलींत घरटें करणाऱ्या भिंगरीचीही तशीच. पेंग्विन व सुरय यांची सावकाश. पेट्रेलच्या बाबतींत मात्र वयस्कर पक्ष्यांची दोरी तरुणांपेक्षां लांब आढळली.

हें वाचून आम्हीं तें पान दोनदां वाचलें. याचा अर्थ लावतांना सावधगिरी पाहिजे. ज्यांची दोरी मुळांत आखूड होती ते पेट्रेल तरुणपणींच मरून गेले व लांब दोरीचे तेवढे मागें उरले, असेंही अंशतः असूं शकेल. परंतु पुढें त्याच शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, पेट्रेल व सुरय या दीर्घायुषी जातींच्या हाडांच्या मगजांत कुदळ आयुष्यभर चांगली चालू राहते. हेंच म्हातारपणाच्या संशोधकांचें खरें कुतूहल आहे. माणसाच्या शरीरांत कुदळ पुनः चालू होते ती बहुधा अनिष्ट ठिकाणीं: कर्करोगाच्या सुमारें दहांपैकीं नऊ गांठींत ती चालू असते, आणि त्या बळावरच त्या पेशी मर्यादा सोडून वाढत राहतात. कुदळ चालूही ठेवावी व गांठही होऊं देऊं नये, हें त्या पंचेचाळीस ग्रॅमच्या पांखरास कसें साधलें? माणसाचें आयुष्य वाढविण्याच्या गोळ्या विकणारांनीं या प्रश्नाचें उत्तर आधीं द्यावें. अंत्यखंड लांब करण्याचें औषध म्हणून कोणी कांहीं पुढें केलें तर वाचकांनीं खिशांत हात घालण्यापूर्वीं कर्करोगाची ही गोष्ट आठवावी.

पेट्रेल दूर समुद्रावरचा, पण कुक्कुटपालकाच्या कामाची गोष्ट झेब्रा फिंचनें सांगितली आहे. हा ऑस्ट्रेलियांतील लहानसा दाणे टिपणारा पक्षी आपल्या मुनियेच्याच कुळांतला. ग्लासगो येथील शास्त्रज्ञांनीं ९९ फिंच पक्षी अंड्यांतून निघाल्यापासून मरेपर्यंत सांभाळले व त्यांचें रक्त वेळोवेळीं तपासलें. कांहीं पक्षी वर्षभरही जगले नाहींत, कांहीं जवळजवळ नऊ वर्षें जगले. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें त्यांच्या आयुर्मानाचा सर्वांत चांगला अंदाज पंचविसाव्या दिवशीं मोजलेल्या दोरीवरून येत होता. मोठेपणीं घेतलेल्या मापांवरून तितका येत नव्हता. पंचविसाव्या दिवशीं म्हणजे पिलूं घरट्यांतून नुकतेंच बाहेर पडलेलें असतें.

हें कां व्हावें तें उघड आहे. लहानपणीं वाढ जोराची असते, पेशी भराभर विभागतात, म्हणून दोरी सर्वांत जास्त याच दिवसांत झिजते. आणि या दिवसांत भूक, दाटी किंवा भय यांची भर पडली तर झीज आणखी वाढते. हॉलंडमध्यें जॅकडॉ या लहान कावळ्यांच्या घरट्यांतील पिलें इकडून तिकडे हलवून कांहीं घरटीं मुद्दाम दाट व कांहीं विरळ केलीं. दाट घरट्यांतील पिलांची दोरी अधिक झिजली. आणि ज्यांची अधिक झिजली तीं पुढें कमी वांचलीं. हाउसमन यांनीं आपल्या साध्या कोंबडीच्या अंड्यांत भयाच्या वेळीं शरीरांत वाढणारें कॉर्टिकोस्टेरोन हें द्रव्य अत्यल्प प्रमाणांत टोचून पाहिलें. अशा अंड्यांतून निघालेलीं पिलें लवकर बावरत, व त्यांचे अंत्यखंड इतरांहून आखूड होते. म्हणजे पिलूं जगांत येण्यापूर्वींच हिशेब सुरू झालेला असतो. कोरियांतील संशोधकांनीं दाटीनें ठेवलेल्या व अपुरें खाद्य दिलेल्या कोंबड्यांतही अंत्यखंडांची झीज मोजली आहे. व्हिएन्ना येथील एका अभ्यासांत पिंजऱ्यांत एकटे ठेवलेले नऊ वर्षांचे आफ्रिकेचे करडे पोपट आणि जोडीनें ठेवलेले त्यांहून तेवीस वर्षांनीं मोठे पोपट यांची दोरी सारखीच भरली.

रोगाचेंही तसेंच. स्वीडनमधील क्विस्मारेन सरोवराच्या कांठीं बोरूच्या बेटांत राहणाऱ्या एका वटवट्या पक्ष्यावर तीस वर्षें नोंदी ठेवल्या आहेत. या पक्ष्यांस पक्ष्यांचा हिंवताप होतो. तो माणसाच्या हिंवतापाहून निराळा. पहिला जोर ओसरला म्हणजे पक्षी बाहेरून निरोगी दिसतो, गातो, घरटें बांधतो, आणि रोगाचे जंतू मात्र रक्तांत थोड्या प्रमाणांत राहतात. २०१५ सालीं असें दिसून आलें कीं, या मंद रोगाच्या पक्ष्यांची दोरी लवकर झिजते, त्यांस पिलें कमी होतात व ते लवकर मरतात. आपल्या गोठ्यांत व खुराड्यांत असे बारीक रोग कितीतरी असतात, ज्यांस आपण ‘तसें कांहीं नाहीं, जरा मरगळ आहे’ असें म्हणून सोडून देतों.

कोणी विचारील कीं, अंड्यांची कोंबडी आपण दीड-दोन वर्षांत काढून टाकतों. तिची दोरी पुढें लांब असो वा आखूड, आपल्यास काय? मोठ्या कारखानदारी कुक्कुटपालनास हा प्रश्न शोभेल. परंतु ज्या घरीं दहा-पंधरा गांवठी कोंबड्या आहेत, ज्या चार-पांच वर्षें अंडीं घालतात, खुडूक बसतात व पिलें काढतात, तेथें कोंबडीचें टिकाऊपण म्हणजे बाजाराच्या दिवसाचे पैसे होत. शिवाय आमच्या मतें अंत्यखंड हा झिजेचा दाखला आहे. झिजेचें एकमेव कारण आहे असें म्हणण्याइतका पुरावा नाहीं. बैलाच्या खुराकडे पाहून त्याला किती चालविलें तें समजतें, पण खुरामुळें बैल थकत नाहीं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिलांस दाटी होऊं न देणें, ऊब व पाणी कमी पडूं न देणें, कुत्र्यामांजरांच्या भयापासून त्यांस दूर ठेवणें या गोष्टी आपल्या आज्या करीतच होत्या. त्यांचें माप आतां रक्ताच्या थेंबांत घेतां येतें इतकेंच.

आतां ज्या प्रश्नानें हें सर्व सुरू झालें त्याकडे वळूं. मॅरेक्स रोगाचें वर्णन १९०७ सालीं बुडापेस्ट येथील पशुवैद्य योझेफ मारेक यांनीं प्रथम केलें. त्याचा विषाणू पिसांच्या मुळांशीं वाढून कोंड्यावाटे बाहेर पडतो, धुळींत महिनेच्या महिने जिवंत राहतो, व पिलूं श्वासाबरोबर तो आंत घेतें. या विषाणूनें दोन चोऱ्या केल्या आहेत. पहिली अशी कीं, कोंबडीच्या कुदळींतील सहा अक्षरांचा जो सांचा, त्याचाच उतारा त्यानें केव्हां तरी पूर्वीं कोंबडीपासून उचलून आपल्याजवळ ठेवला आहे. २००३ सालीं फ्रान्समध्यें हें उघडकीस आलें, व मूळ सांच्याशीं तो उतारा शेंकडा ८८ जुळतो. प्रयोगशाळेंत हा उतारा काढून टाकलेला विषाणू पिलांस दिला तेव्हां गांठी होण्याचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. म्हणजे मिटलेली कुदळ पुनः चालू करून पेशींस बेफाम वाढविण्याचें साधन हा चोर बरोबरच घेऊन येतो. दुसरी चोरी अशी कीं, विषाणूच्या स्वतःच्या टोंकांवरही तींच सहा अक्षरें लिहिलेलीं आहेत. त्यामुळें कोंबडीच्या गुणसूत्राच्या टोंकांत तो बेमालूम मिसळून बसूं शकतो, व पुढें संधि मिळाली म्हणजे तेथून निघून पुनः वाढूं लागतो. आमच्या पशुवैद्यांनीं ‘आंत’ म्हटलें तें हें ठिकाण.

यावर औषध नाहीं, परंतु लस आहे. टर्की पक्ष्याच्या अशाच एका निरुपद्रवी विषाणूची लस १९७० च्या सुमारास प्रचारांत आली व ती अद्याप वापरतात. ती पिलूं अंड्यांतून निघालें त्याच दिवशीं मानेच्या कातडीखालीं टोचावी लागते; आठ दिवसांनीं टोचून उपयोग होत नाहीं, कारण तोंपर्यंत धुळीनें आपलें काम केलेलें असतें. लस थंड ठेवावी लागते, आणि कालविल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. टोचल्यापासून गुण येण्यास सुमारें एक आठवडा जातो, म्हणून तेवढे दिवस नवीं पिलें मोठ्या कोंबड्यांपासून व त्यांच्या जुन्या तुसाच्या गादीपासून अगदीं दूर ठेवावीं. लसीनें गांठी टळतात, विषाणूचा शिरकाव टळत नाहीं. लस टोचलेलें पांखरूंही त्याचा कोंडा पसरवूं शकतें. म्हणून गादी बदलणें, जुनी जाळणें अथवा लांब खतांत पुरणें, आणि खुराडें कांहीं दिवस उन्हांत मोकळें टाकणें हें लसीबरोबर चाललेंच पाहिजे.

त्या वर्षीं आम्हीं सर्व गादी जाळली, जमीन दोन अंगुळें खरवडून काढली, भिंतींस चुन्याचा हात दिला व तीन महिने खुराडें रिकामें ठेवलें. पुढील खेपेस पिलें घेतांना लसीच्या बाटलीवरील क्रमांक पावतीवर लिहून मागितला. विकणारानें प्रथम हंसून घेतलें, मग आंत जाऊन रिकामी बाटली आणली व क्रमांक लिहून दिला. साठ पिलें आणलीं होतीं. त्यांतील दोन मुंगसानें नेलीं, एक विहिरींत पडलें. पाय ताणून बसलेलें एकही आढळलें नाहीं.